चिकनचे गोळे जाळीवर का फुटतात?

वाचकाचे पत्र

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. तो महाविद्यालयाच्या संघातून कबड्डी खेळतो आणि त्याच्या प्रशिक्षकांनी आहारातील प्रथिने वाढवायला सांगितली आहेत. आम्ही बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो. घरापुढे अंगण आहे, म्हणून दिवाळीनंतर लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी आणि तिच्यावरची जाळी घेतली. फक्त छातीच्या मांसाचा एक किलो चिकन खिमा आणला. मटणाच्या कबाबाला घालते तशी दोन चमचे कच्च्या पपईची पेस्ट, आले-लसूण, चिरलेला कांदा आणि मुलाची व्हे प्रोटीनची दोन मापे पूड घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. गोळे जाळीला चिकटले, उलटताना फुटले, बाहेरून काळे पडले आणि आतून गुलाबीच राहिले. जे शिजले ते भुशासारखे कोरडे लागले. तीन वेळा करून पाहिले, तीनही वेळा तेच. शिवाय धूर शेजाऱ्यांकडे जातो आणि सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे. हा नाद सोडून द्यावा का?

— एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

नाद सोडू नका. मात्र सासऱ्यांच्या दम्याचा विचार आधी करावा लागेल आणि त्याविषयी मी पुढे सविस्तर लिहिले आहे. गोळ्यांचे म्हणाल, तर तुम्ही पत्रात साहित्य आणि कृती इतकी नीट लिहिली आहे की, बिघाड कुठे झाला हे बहुतेक सगळे त्यातूनच कळते.

तुमच्या पत्रातील एका शब्दापाशी मी थांबले, तो म्हणजे कच्ची पपई. मटणाच्या मोठ्या तुकड्यांना पपई लावण्यामागे कारण असते, कारण त्या मांसाचे तंतू जाड आणि चिवट असतात आणि पपईतील पपेन नावाचे विकर (एन्झाइम) त्या तंतूंमधील प्रथिनांचे तुकडे करते. चिकनचा खिमा मुळातच कोवळ्या मांसाचा असतो आणि यंत्रातून निघताना त्याचे तंतू आधीच तुटलेले असतात. त्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मांसातील मायोसिन हे प्रथिन, आणि पपई रात्रभर नेमके तेच खात बसते. सकाळी तो खिमा हाताला मऊ लागतो, गोळाही वळला जातो, पण आचेवर गेल्यावर त्याला आतून बांधणारे काही शिल्लक नसते. मटणाच्या खिम्याच्या शीग कबाबात पपई चालते, कारण तिथे चरबी भरपूर असते, आणि पपई बेताची असते. चिकनच्या गोळ्यांत मात्र ती अजिबात घालू नये. कच्च्या आल्यातही अशाच कामाचे विकर असते. म्हणून खिमा बराच वेळ ठेवायचा असेल तर आले-लसणाची पेस्ट आधी चमचाभर तेलात मिनिटभर परतून, पूर्ण गार करून मग घालावी. उष्णतेने विकर निकामी होते आणि आल्याचा कच्चा उग्रपणाही जातो.

आता खिमा बांधायचा कसा, याकडे येते. या कामाला मीठ आणि थंडावा एवढेच लागते, परंतु दोन्ही योग्य वेळी लागतात. मीठ मांसातील मायोसिन विरघळवून बाहेर काढते. खिमा मळला की तो चिकट होतो, आणि आचेवर हाच चिकटपणा घट्ट जाळ्यासारखा बसून गोळ्यातील पाणी धरून ठेवतो. एक किलो खिम्याला १२ ग्रॅम मीठ पुरते, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे. ते सर्वांत आधी, इतर काहीही घालण्यापूर्वी, फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या गार खिम्यात घालावे आणि एकाच दिशेने दोन ते तीन मिनिटे जोर लावून मळावे. खिमा तळहाताला चिकटून राहू लागला, हात उपडा केला तरी खाली पडला नाही, म्हणजे झाले. कणीक मळण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून आपण खिमाही ओट्यावर तसाच ऐसपैस वेळ घेऊन मळतो. नवी मुंबईच्या दमट उकाड्यात एवढ्या वेळात खिमा कोमट होतो, त्यातील चरबी विरघळून हाताला लागते आणि मग तो कितीही मळला तरी बांधला जात नाही. परात आधी दहा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावी. मी स्वतः ती बर्फाच्या पाण्याने भरलेल्या दुसऱ्या मोठ्या परातीत ठेवून मळते आणि मार्चनंतर तर याशिवाय खिम्याला हात लावत नाही.

कांद्याचेही असेच आहे. चिरलेल्या कांद्याच्या फोडी गोळ्यात भेगांचे काम करतात, कारण आचेवर त्यांना पाणी सुटते आणि त्या जागी खिमा सुटा होतो. कांदा किसून घ्यावा, त्याला चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी पंच्यात घट्ट पिळावा आणि उरलेला कोरडा चोथाच खिम्यात घालावा. पिळलेले पाणी फेकू नका, सोबतच्या चटणीत घाला.

आता व्हे पुडीविषयी, म्हणजे दुधाच्या निवळीतील प्रथिनांच्या पुडीविषयी. आईने मुलाच्या ताटात चार ग्रॅम प्रथिने अधिक पडावीत म्हणून जे केले त्यामागची माया मला समजते, परंतु ही पूड गोळ्यात घालू नये. ती खिम्यातील पाणी शोषून घेते, तापल्यावर स्वतंत्रपणे घट्ट होते आणि गोळा बाहेरून रबरासारखा व आतून भुसभुशीत करते. बाजारातील बहुतेक पुडींत गोडवा आणि व्हॅनिला किंवा चॉकलेटचा वास असतो तो वेगळाच, आणि दुधातील साखर निखाऱ्यावर मांसाच्या आधी काळी पडते. तुमचे गोळे करपण्यात तिचाही वाटा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनातही शरीर कमावण्यासाठी अशा पुडी टाळाव्यात असेच सांगितले आहे.

मुख्य म्हणजे या पुडीची इथे गरजच नाही. कच्च्या छातीच्या मांसात १०० ग्रॅमला साधारण २२ ते २३ ग्रॅम आणि बिनहाडाच्या, कातडी काढलेल्या मांडीच्या मांसात १९ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. ६०० ग्रॅम छाती आणि ४०० ग्रॅम मांडी घेतली, त्यात एक अंडे आणि थोडे डाळ्याचे पीठ घातले, तर सगळे मिळून सुमारे २२० ग्रॅम प्रथिने होतात. त्याचे ४० ग्रॅमचे तीस गोळे वळले की एका गोळ्यात सात ग्रॅमहून थोडी अधिक आणि पाच गोळ्यांत सुमारे ३७ ग्रॅम प्रथिने मिळतात. भाजल्यावर पाणी उडून ४० ग्रॅमचा गोळा ३० ते ३२ ग्रॅमचा होतो, पण त्यातील प्रथिने तेवढीच राहतात. म्हणून मुलगा काट्यावर मोजून खाणारा असेल तर वजन कच्चे असतानाच करावे. आपल्याकडील शिफारस प्रौढ माणसाच्या वजनामागे किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम अशी आहे, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम. नियमित कसून खेळणाऱ्यांसाठी क्रीडा-आहारतज्ज्ञ १.२ ते २ ग्रॅमचा पल्ला सांगतात, म्हणजे त्याच वजनाला ८४ ते १४० ग्रॅम. संध्याकाळच्या ताटात पाच-सहा गोळे, दिवसभरात वरण, उसळ, दही, दोन अंडी एवढे असले की या पल्ल्याची खालची बाजू सहज गाठता येते. त्याला मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, तर मात्र हा हिशेब डॉक्टरांनीच करावा.

फक्त छातीचे मांस घेतले म्हणजे प्रथिने वाढतात हा समज आज घरोघरी आहे, आणि भुशासारखे कोरडे गोळे ही त्याचीच देणगी आहे. छाती आणि मांडी यांच्यातील प्रथिनांचा फरक १०० ग्रॅमला तीन-चार ग्रॅमच असतो, पण मांडीतील थोडी अधिक चरबी आणि जोडऊतक गोळ्याला ओलसर ठेवतात. चिकनच्या दुकानात बिनहाडाचे लेग पीस मागावे, कातडी काढून घ्यावी, आणि यंत्राची जाळी जाड लावून एकदाच खिमा करून द्यायला सांगावे. दोनदा काढलेला खिमा पेस्टसारखा होतो. मांस घरी आणून खिमा करणार असाल, तर तुकडे अर्धा तास फ्रीझरमध्ये कडक करून मिक्सरमध्ये थोडे थोडे, थांबत थांबत फिरवावेत. चिकन किंवा खिमा नळाखाली धुऊ नका. धुण्याने त्यावरचे जंतू मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर जातात, आणि खिमा पाणी पिऊन बसतो तो निराळाच.

कृती एवढीच आहे. वर सांगितल्याप्रमाणे एक किलो मिश्र खिमा मिठासह मळून घ्यावा. त्यात एक अंडे, तीन मोठे चमचे डाळ्याचे बारीक पीठ, दोन मोठे चमचे घट्ट चक्का, पिळलेल्या कांद्याचा चोथा, परतून गार केलेली आले-लसणाची पेस्ट, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडी मिरपूड आणि दोन चमचे तेल घालून हलक्या हाताने, जेमतेम एकजीव होईपर्यंत मिसळावे. डाळ्याचे पीठ सुटणारा रस शोषते आणि आधीच भाजलेले असल्यामुळे बेसनासारखे कच्चे लागत नाही. गरम मसाला मी घालत नाही, कारण लाकडाच्या वासापुढे लवंग-दालचिनी भांडू लागतात, पण हा माझा स्वभाव झाला. तेलाच्या हाताने चार सेंटिमीटर व्यासाचे गोळे वळून, ताटात एकमेकांना न चिकटवता, झाकून किमान पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावेत. रात्रभर ठेवण्याची गरज नाही.

आता शेगडी. तुमचे गोळे बाहेर काळे आणि आत कच्चे राहिले, याचे कारण एका वाक्यात सांगायचे तर तुम्ही ते ज्वाळेवर ठेवले. ज्वाळ दिसली की शेगडी पेटली, असे आपल्याला वाटते, कारण गॅसवर तसेच असते. लाकडाचे गणित वेगळे आहे. लाकूड पेटल्यानंतर आधी त्यातील ओलावा उडतो, मग त्यातून निघणारे वायू जळतात आणि त्याच ज्वाळा आपल्याला दिसतात. ते वायू संपल्यावर लाल विस्तव उरतो, त्यावर राखेची पातळ पांढुरकी साय धरते आणि मगच भाजण्याची वेळ येते. मनगटाएवढ्या जाडीची तीन-चार किलो सुकी लाकडे या अवस्थेला यायला पाऊण ते एक तास घेतात. हा तास कुणालाच नको असतो. घरात भूक लागलेली असते, मुले अंगणात घिरट्या घालत असतात आणि कुणीतरी म्हणतेच की आता टाका. आमच्या मुरबाडच्या शेतावर मीही एकदा अशीच घाई केली होती आणि दोन किलो मांस वरून कोळसा व आतून कच्चे झाले होते. त्या दिवसापासून लाकूड पेटवल्यावर पहिला तास मी गोळ्यांचे ताट फ्रिजबाहेर काढतच नाही.

विस्तव तयार झाला की तो चिमट्याने शेगडीच्या एका बाजूला ओढून त्याचा ढीग करावा आणि दुसरी बाजू रिकामी ठेवावी. संपूर्ण युक्ती या एका कृतीत आहे. जाळी विस्तवापासून साधारण वीतभर उंच असावी. आच किती आहे हे पाहण्यासाठी तळहात जाळीच्या चार बोटे वर धरावा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर आच तीव्र, चार-पाच सेकंद धरवला तर मध्यम, सात-आठ सेकंद धरवला तर मंद. विस्तवाच्या बाजूला मध्यमाहून थोडी तीव्र आणि रिकाम्या बाजूला मंद आच असावी. जाळी दहा मिनिटे कोरडीच तापू द्यावी, तारेच्या ब्रशने घासावी आणि अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तिच्यावर फिरवावा. थंड किंवा मळक्या जाळीला मांसातील प्रथिने घट्ट चिकटतात, तापलेल्या व तेल लावलेल्या जाळीला कमी.

गोळे फ्रिजमधून काढून आधी रिकाम्या बाजूला मांडावेत आणि वर झाकण ठेवावे. शेगडीला झाकण नसेल तर मोठे पातेले उपडे घालावे. मांसाचा पृष्ठभाग गार आणि ओला असतो तेव्हाच धुराचा वास त्यावर चांगला बसतो, म्हणून लाकडाचा खरा गंध या पहिल्या दहा-बारा मिनिटांत मिळतो. याच वेळात गोळा आतपर्यंत बांधला जातो आणि चिमट्याने उचलण्याजोगा होतो. मधे एकदा जागा बदलून फिरवावा, पण पहिली पाच मिनिटे त्याला हात लावू नये. जाळीला धरलेला गोळा ओढून काढायचा नसतो. वर सोनेरी कवच धरले की तो आपोआप सुटतो आणि सुटत नसेल तर त्याला आणखी मिनिटभर हवे असते. शेवटी दोन-तीन मिनिटे विस्तवावर आणून चारही बाजूंनी फिरवावा, म्हणजे हवा तो खरपूसपणा येतो. मध, गूळ किंवा कुठलाही गोड सॉस लावायचा असेल तर तो या शेवटच्या मिनिटातच लावावा.

जाळीचा त्रास मुळीच नको असेल, तर आपल्याकडची जुनी रीत वापरा. शेगडीच्या दोन बाजूंना दोन विटा ठेवा, चपट्या लोखंडी शिगेवर चार-चार गोळे थोडे दाबून लावा आणि शीग विटांवर आडवी टेकवा. मांसाला लोखंडी जाळी लागतच नाही, तर चिकटणार कशाला? शीग चपटीच हवी, कारण गोल सळईवर गोळा जागच्या जागी गरगर फिरतो आणि एकच बाजू भाजली जाते.

गुलाबी रंगाची तुमची भीती रास्त आहे, पण रंगावर विसंबून राहू नका. लाकडाच्या धुरातील नायट्रोजनचे वायू मांसातील रंगद्रव्याशी संयोग पावून पूर्ण शिजलेल्या चिकनलाही कडेने गुलाबी छटा देतात. उलट कधी कधी पांढरा दिसणारा गोळा मध्यभागी पुरेसा तापलेला नसतो. अख्ख्या तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते सगळीकडे मिसळतात, म्हणून गोळ्याचा मध्य ७४ अंश सेल्सियसपर्यंत पोहोचलाच पाहिजे. सुईचा डिजिटल तापमापक घ्या. सर्वांत मोठ्या गोळ्यात तो बाजूने मध्यापर्यंत खुपसा आणि ७४ दिसताच गोळे उतरवा. हाच तापमापक तुमचा कोरडेपणाही घालवील, कारण कच्चे राहील या भीतीने आपण गोळे ८५-९० अंशांपर्यंत भाजत राहतो आणि तोवर तंतू आवळून आतले सगळे पाणी पिळून बाहेर काढतात. उतरवलेले गोळे ज्या ताटात कच्चे होते त्या ताटात परत ठेवू नका, आणि कच्च्या गोळ्यांना लावलेला चिमटाही बदला. कच्चा खिमा फ्रिजबाहेर एकूण तासाभराहून अधिक राहू नये, कारण आपल्याकडच्या हवेत जंतू फार वेगाने वाढतात.

लाकूड कुठले, हे तुम्ही विचारले नाही, तरी लिहिते. वखारीतून बाभूळ, चिंच, आंबा किंवा जांभूळ यांची वर्षभर सुकलेली लाकडे मागावीत. दोन लाकडे एकमेकांवर आपटली की खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज आला तर ओल आहे. सुकलेल्या नारळाच्या करवंट्या उत्तम विस्तव देतात आणि पेटवण्यासाठी नारळाची शेंडी पुरते. रॉकेलला हात लावू नका. आपल्या भागात उरण-न्हावाशेवाकडून येणाऱ्या मालाच्या खोक्यांची फळकुटे स्वस्तात किंवा फुकट मिळतात, ती मात्र कधीही वापरू नका. ती बहुधा पाइनची असतात, त्यातील राळेमुळे काजळी धरते. त्यावर ‘एमबी’ असा ठसा असेल तर त्या लाकडाला मिथाईल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. प्लायवूड, रंगवलेले फर्निचर आणि सुताराकडचा मिश्र भुसाही वर्ज्य. अंगणातील कण्हेरीची छाटलेली फांदी चुकूनही शेगडीत किंवा शीग म्हणून वापरू नये, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. आणि पारसिकच्या टेकडीवरून ओली फांदी तोडून आणण्याचा मोह टाळावा. शहरातील झाड विनापरवाना तोडणे १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, शिवाय ओल्या लाकडाचा धूर कडवट असतो.

आता सासऱ्यांच्या दम्याचा आणि शेजाऱ्यांचा प्रश्न, जो मला या पत्रात सर्वांत महत्त्वाचा वाटला. तुमची वसाहत चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखली, तेव्हा साधारण सात घरे एका लहान सामाईक अंगणाभोवती मांडली. हे अंगण ही त्या वसाहतीची श्रीमंती आहे, पण त्याचाच अर्थ असा की एका घराचा धूर उरलेल्या सहा घरांचा होतो. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड ओले आहे किंवा हवा कमी पडते आहे. नीट जळणाऱ्या सुक्या लाकडाचा धूर पातळ, निळसर आणि क्षणभर दिसून विरणारा असतो. सर्वाधिक धूर पहिल्या वीस मिनिटांत होतो, म्हणून पेटवण्यापूर्वी शेजाऱ्यांना सांगावे, दोरीवरचे कपडे निघाल्यावरच पेटवावे आणि वारा घरांकडे वाहत असेल तर त्या दिवशी बेत रद्द करावा. सासऱ्यांनी शेगडी पेटलेली असेल तोवर तिच्यापासून दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूच्या खोलीत, खिडक्या बंद करून बसावे, आणि त्यांना त्या आठवड्यात धाप लागत असेल तर लाकूड पेटवूच नये. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे संध्याकाळी हवा जमिनीलगत साचून राहते आणि आधीच धुरकट असते. अशा दिवशी हेच गोळे जाड लोखंडी तव्यावर झाकण ठेवून करावेत, चवीत धुराचा गंध तेवढा कमी पडेल. लाकडी धुराचा प्रश्न केवळ तुमच्या अंगणाचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. घरातील महिन्या-दोन महिन्यांतून एकदाची शेगडी हा वेगळा मामला आहे, पण ती दर रविवारची होऊ नये असे मला मनापासून वाटते. चरबी विस्तवावर ठिबकून उठणाऱ्या धुरात आणि करपलेल्या कवचात आरोग्याला घातक द्रव्ये असतात, तेव्हा खाणाऱ्याच्या दृष्टीनेही ते बरे. गोळे रिकाम्या बाजूला भाजण्याचा आणखी एक फायदा हाच, की चरबी विस्तवावर पडत नाही. जो भाग काळा पडेल तो खरवडून टाकावा.

तुमचे पत्र वाचून ठाण्या-नवी मुंबईतील ज्या वाचकांना सदनिकेच्या गॅलरीत असे काही करावेसे वाटेल, त्यांना एवढेच सांगते की करू नये. बंदिस्त गॅलरीत विस्तवातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि तो जीव घेतो. ज्वाळा विझल्या, नुसते निखारे उरले म्हणून शेगडी घरात आणणेही तितकेच घातक आहे.

रायगडात आणि पनवेलच्या आसपास थंडीत पोपटी लावतात, ती तुम्ही खाल्ली असेलच. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, चिकन, अंडी घालून बाहेरून जाळ करतात. तिथे मांसाला ज्वाळ कधी लागतच नाही, मडक्याच्या तापलेल्या भिंती ते शिजवतात, आणि म्हणूनच ते इतके रसदार निघते. उपड्या पातेल्याखाली ठेवलेल्या तुमच्या गोळ्यांना मी याच जातीची उष्णता देऊ पाहते आहे.

उरलेले गोळे दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवले तर तीन दिवस चांगले राहतात. मुलाला सरावानंतर द्यायचे असतील तर कढईत चमचाभर पाणी शिंपडून, झाकण ठेवून चांगले वाफेपर्यंत गरम करावेत. ज्वारीची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि कांद्याच्या त्या पाण्यात वाटलेली पुदिन्याची चटणी सोबत द्यावी.

पुढच्या वेळी एक किलोऐवजी पाव किलो खिम्यानेच सुरुवात करा, सात-आठ गोळे होतील, मीठ तीन ग्रॅम लागेल. गोळे उतरले की मंद विस्तवात दोन वांगी आणि चार रताळी पुरून ठेवा, त्याच आचेत दुसऱ्या दिवशीचे भरीत होते. नंतर निखाऱ्यांवर भरपूर पाणी ओता आणि राख पत्र्याच्या डब्यात ठेवा, कारण वरून गार दिसणाऱ्या राखेत बारा तासांनंतरही ठिणगी जिवंत राहू शकते.